शांततेची वाटणी

निबंधलेखनाच्या पुस्तकात एक सूचना हटकून असते. लिहावयास बसताना शांत, एकान्त जागा निवडावी. मन एकाग्र करावे. मग लेखणी उचलावी. मी मुंबईच्या एका रात्रशाळेत तीस वर्षे मराठी शिकविले. पहिल्या वर्षी ही सूचना मी फळ्यावर लिहिली. गिरणीच्या कॅन्टीनमध्ये कपबशा विसळून वर्गात येणाऱ्या एका मुलाने हात वर केला आणि विचारले, 'सर, ती जागा कुठं असते?' वर्ग हसला. मीही हसलो. दुसऱ्या वर्षापासून ती सूचना फळ्यावर लिहिणे मी सोडून दिले. पण त्या मुलाचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. ती जागा कुठे असते? कुणाच्या घरी असते? आणि ज्यांच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या नव्हती, त्यांच्या पोरांनी कशाच्या आधाराने लिहिले?

आपल्याकडे दलितांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे प्रवेशाचा इतिहास, असे समीकरण होऊन बसले आहे. शाळेत घेतले की नाही, कुठे बसविले, पाणी कुणी ओतले, शिष्यवृत्ती कुणी दिली, हे आपण लिहिले. ते लिहिणे आवश्यकच होते. परंतु शाळा सुटल्यावर पोराने पाटी कुठे टेकविली, दिवा कुणाचा होता आणि अक्षर काढताना त्याच्या कानांवर काय आदळत होते, याचा इतिहास आपण मांडलेला नाही. ज्ञानबंदी कायद्याने उठली. शांततेची वाटणी मात्र आजतागायत झालेली नाही. या लेखात मला त्या वाटणीविषयी लिहावयाचे आहे.

१

आरंभ पुण्यापासून केला पाहिजे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. पुढे १८५२ साली अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाली. शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंवर शेण आणि शिव्या दोन्ही फेकल्या जात, हे आपण सर्वजण जाणतो. शेण धुऊन निघते. पण शाळेच्या वाटेवर रोज ऐकलेली शिवी घेऊनच ती मुले वर्गात येत असणार, इकडे आपले लक्ष जात नाही.

या शाळेत शिकलेल्या मुक्ता नावाच्या मांग समाजातील विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन अंकांत छापून आला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तो निबंध. आधुनिक काळात दलित विद्यार्थ्याने लिहिलेले जे पहिले लेखन आपल्या हाती आहे, ते हे. आणि त्याचा विषय कोणता? परिसर! बाजीरावाच्या अमदानीत तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराचे काय होई. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्पर नसते, थंडी-वारा-पाऊस अंगावर घेऊन ती मूल जन्माला घालते. असे तिने लिहिले. उच्चवर्णीयांच्या मुली वसंत ऋतूवर निबंध लिहू शकत होत्या, कारण ऋतू त्यांच्या घराबाहेर होता. मुक्ताच्या समाजाच्या घरात पाऊस आत येत होता. तो तिच्या निबंधात आला नसता तरच नवल!

या निबंधाकडे आपण धैर्याचा पुरावा म्हणून पाहतो. मी त्याकडे आणखी एका दृष्टीने पाहतो. जोतीरावांच्या शाळेने त्या मुलीला अक्षरे दिली, तशीच दिवसातील काही तासांपुरती चार भिंतींची जागा दिली. त्या भिंतींच्या आत तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. वाड्यावस्तीवरचा आक्रोश तिच्या कानांत होताच. तो कागदावर उतरविण्यासाठी क्षणभर त्या आक्रोशाच्या बाहेर बसता येणे गरजेचे होते. हे दोन्ही घडले म्हणून निबंध झाला. माझ्या साऱ्या प्रतिपादनाचा गाभा एवढाच आहे.

२

मुक्ताला वर्ग मिळाला. बहुतेकांच्या वाट्याला ओटा आला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने फेटाळला. पुढे सरकारचे धोरण बदलले, दारे कागदोपत्री उघडली, आणि गावोगावच्या मास्तरांनी एक तोड काढली. पोर शाळेत घ्यायचे, पण वर्गात नाही. त्याने ओट्यावर, पडवीत, दाराबाहेर बसायचे. ही रीत विसाव्या शतकात खोलवर चालू राहिली. दलित स्वकथनांतून ती इतक्या वेळा आली आहे की, वाचकांना तिचे काही वाटेनासे झाले आहे.

म्हणून तिचा परिणाम मास्तरकीच्या अंगाने तपासू. श्रुतलेखन म्हणजे ऐकून लिहिणे. वर्गात बसलेल्या मुलाला मास्तरांचा आवाज थेट येतो. ओट्यावरच्या मुलाला तो दारातून, इतर मुलांच्या कलकलाटातून येतो; आणि त्याच्या पाठीमागून रस्त्यावरची बैलगाडी, विहिरीवरची भांडणे, कुत्री, फेरीवाला हे सारे त्याच्या कानांत आधी शिरते. 'श' की 'ष', 'न' की 'ण', ऱ्हस्व की दीर्घ, हे त्याने कुठून ओळखावे? तो चुकतो. चुकला म्हणून मार खातो. तोही लांबून फेकलेल्या छडीचा, कारण मास्तरला विटाळ नको. आणि मग शेरा बसतो की, या लोकांची वाणी अशुद्ध, यांच्या जिभेला वळण नाही. ज्याला ऐकूच दिले नाही त्याच्या जिभेला दोष! शुद्धलेखनाच्या नावाने दलित लेखकांच्या भाषेवर पुढे जी टीका झाली, तिची एक मुळी या ओट्यावर सापडते. बोलीचा प्रश्न वेगळा आहे, तो अभिमानाचा आहे. परंतु ओट्यावर चुकलेले श्रुतलेखन हा बोलीचा प्रश्न नव्हता. ते अंतर मुद्दाम राखलेले होते.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसे. गोणपाटाचा उल्लेख प्रत्येक जयंतीच्या भाषणात होतो. त्या गोणपाटापासून मास्तरांच्या ओठांपर्यंतचे अंतर किती होते, हाही प्रश्न विचारावयास हवा.

३

आता परळला येऊ. साताऱ्याहून मुंबईत आल्यावर सुभेदार रामजींचे कुटुंब परळच्या डबक चाळीत राहू लागले. एक खोली. त्याच खोलीत चूल, भांडी, सरपण, माणसे. आणि याच खोलीत एल्फिन्स्टन हायस्कूलच्या एका विद्यार्थ्याने मॅट्रिकचा अभ्यास केला. चरित्रकार धनंजय कीर यांनी या खोलीचे जे वर्णन दिले आहे, त्यात उशाशी जाते आहे, पायथ्याशी बकरी आहे आणि रॉकेलची मिणमिणती चिमणी आहे. रामजींनी यावर काढलेला तोडगा साधा होता. मुलाने सायंकाळीच झोपावे; बापाने जागे राहावे; रात्री दोनच्या सुमारास बापाने मुलाला उठवावे आणि मग स्वतः आडवे व्हावे.

या प्रसंगातून आपण बाबासाहेबांची ज्ञाननिष्ठा आणि रामजींचा त्याग पाहतो. तो आहेच. पण त्यात एक हिशेबही आहे. जागा मिळत नव्हती, तेव्हा बापाने मुलासाठी वेळ मिळविली. दिवसाचे चोवीस तास चाळ जागी असते. पाणी येते तेव्हा भांडी वाजतात, पाळी सुटते तेव्हा जिने वाजतात, दारू पोटात गेली की तोंडे वाजतात. गिरणीचा भोंगा तर सगळ्यांच्या वर. रात्री दोन ते पहाटे एवढाच एक तुकडा कुणाच्याही मालकीचा नसतो. सुभेदारांनी तो आपल्या झोपेच्या किमतीने विकत घेतला. दलितांच्या घरात शांतता फुकट मिळत नाही. कुणीतरी आपले शरीर झिजवून ती मिळवावी लागते.

दुसरी जागा होती चर्नी रोडची बाग. शाळा सुटल्यावर भीमराव तिथे वाचत बसे. तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाच्या दृष्टीस हा मुलगा पडला. १९०७ साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा भरलेल्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. मला एवढेच दाखवावयाचे आहे की, चाळीतल्या खोलीत शांतता असती तर तो मुलगा कदाचित बागेत गेला नसता. आणि बाग सार्वजनिक नसती, तर त्याला तिथे बसू दिले नसते. देऊळ बंद होते, पाणवठा बंद होता. बागेतले बाक उघडे होते. सार्वजनिक जागेचे मोल ज्याला कळून घ्यायचे असेल त्याने या बाकावरून सुरुवात करावी.

बाबासाहेबांनी पुढच्या आयुष्यात जागेचा हा प्रश्न कधी नजरेआड होऊ दिला नाही. पोयबावाडीच्या बी. आय. टी. चाळीत त्यांच्याकडे समोरासमोरच्या दोन खोल्या होत्या. एक संसाराची, एक ग्रंथांची. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ते दार उघडताना आत शिरत आणि बंद होताना बाहेर पडत. १९३० नंतरच्या दशकात दादरला 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. डबक चाळीतली रात्र ज्याने काढली आहे, त्यालाच घराच्या नकाशात पुस्तकांची खोली आधी आखावीशी वाटते.

४

बाबासाहेबांनी आपल्यापुरती खोली बांधून हा प्रश्न मिटविला नाही. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह. ते १९२५ च्या जानेवारीत सुरू झाले. सभेने आधी शाळा काढण्याऐवजी वसतिगृह का काढले? शाळा सरकार काढत होते. घर कुणी देत नव्हते.

खेड्यातल्या महारवाड्यात केवळ गोंगाट होता असे नव्हे. तिथे हाक होती. वतनाच्या कामाची हाक केव्हाही येई. पाटलाचा निरोप, सरकारी कामगाराचे ओझे, मेलेले जनावर, मर्तिकाचा सांगावा; रात्र असो, पाऊस असो, उठून जावे लागे. बाप नसेल तर थोरल्या पोराने जावे. शंकरराव खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये (१९८१) या तराळकीच्या घराचे जगणे आले आहे. ही वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. तोवर महारवाड्यातल्या पोराचे कोणतेही वाक्य मधेच तुटू शकत होते. वसतिगृहाने त्या पोराला हाकेच्या टप्प्याबाहेर नेले. घंटा झाली की अभ्यास, घंटा झाली की जेवण. या घंटेला आपण शिस्त म्हणतो. माझ्या मते ती मुक्ती होती. कारण घंटा सर्वांसाठी सारखी वाजते, ती कुणाला जातीने हाक मारीत नाही.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तिथे सकाळी वर्ग भरत, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलाला शिकता येई. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय निघाले. त्याचेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले आणि त्या परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. गावाबाहेरची मोकळी जमीन, झाडे, वसतिगृहे. नावातच 'वन' आहे. आपल्याला गावाने गावाबाहेर ठेवले होते. इथे गावाबाहेरच्या जागेवर विद्यापीठासारखा परिसर उभा राहिला. मराठवाड्यातल्या खेड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन आलेल्या मुलाला इथे आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खाट, विजेचा दिवा आणि कुणीही हाक न मारणारी रात्र मिळाली.

या परिसरातून काय निघाले ते आपल्यासमोर आहे. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक इथलेच. १९६७ साली 'अस्मिता' आणि नंतर 'अस्मितादर्श' या नियतकालिकांची चळवळ इथेच उभी राहिली. संपादक गंगाधर पानतावणे मिलिंदमध्येच प्राध्यापक होते. दलित साहित्याचा उगम केवळ विद्रोहात शोधणाऱ्यांनी हा नकाशाही पाहावा. विद्रोह महारवाड्यात शेकडो वर्षे होताच. त्याला लिहिण्यासाठी टेबल नागसेनवनात मिळाले.

५

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी स्वतःच मांडतो. दलित साहित्य जर शांततेतून निर्माण होत असते, तर गोलपिठा कुठून आला? नामदेव ढसाळ ढोर चाळीत वाढले. बाबुराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पात राहिले. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) नागपाड्याचा कावाखाना आहे. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहून लिहीत. या लेखकांची भाषा गोंगाटातूनच उचललेली आहे. तिच्यातला वेग, शिवी, फेरीवाल्याची लकब, मारामारीची लय बंद खोलीत सापडणार नव्हती. शिवाय आपल्या वस्त्यांतला सगळाच आवाज गोंगाट नव्हता. भीमराव कर्डकांचे जलसे, वामनदादा कर्डकांची गाणी, पौर्णिमेची वंदना हीही आमची शाळाच होती. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी प्रबोधनाची पहिली परिभाषा आईच्या मांडीवर पेंगत जलसा ऐकताना उचलली.

हे सारे मला मान्य आहे. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ज्यांनी लिहिले त्यांचीच नावे आपण मोजतो. त्याच चाळीत, त्याच आवाजात ज्यांची वही अर्धी राहिली त्यांची यादी कुणाकडे आहे? एक ढसाळ निघाला म्हणून गोलपिठा ही साहित्याची कार्यशाळा ठरत नाही. आमच्या दारिद्र्यातून चांगली कविता येते, तेव्हा दारिद्र्य असू द्यावे, असे म्हणणारे रसिक आम्ही पाहिले आहेत. गोंगाटाचे कौतुक हा त्यातलाच प्रकार होय.

दुसरी गोष्ट आवाजाच्या जातीची आहे. वर्षानुवर्षे निबंधाच्या वह्या तपासताना मला एक दिसून आले. आगगाडीच्या रुळालगत राहणाऱ्या मुलाचे वाक्य बहुधा पुरे होई. ज्या घरात दोन माणसे सतत बोलत, भांडत, त्या घरातल्या मुलाचे वाक्य मधेच वळण बदली, क्रियापद हरवे. आणि मुलींच्या वह्यांत वाक्येच्या वाक्ये अर्धी. मी एकीला विचारले. ती म्हणाली, 'सर, गाडीचा आवाज माझ्याशी बोलत नाही. आई माझ्याशी बोलते.' 'ए, पाणी आलं. ए, भाऊ रडतोय. ए, चुलीवर काय ठेवलंय बघ.' भावाच्या अभ्यासाच्या वेळी घर गप्प केले जाई. बहिणीच्या अभ्यासाच्या वेळी घराला कामे आठवत. शांततेची वाटणी जातीने झाली, तशी घराच्या आत पुन्हा एकदा बाई आणि पुरुष अशी झाली. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'चे लेखन दुकानात बसल्या बसल्या, घरच्यांपासून लपवून केले आणि ते वर्षानुवर्षे दडवून ठेवले. पुस्तक १९८६ साली आले. पुरुष लेखकाला गोंगाटापासून वाचावे लागले. तिला घराच्या नजरेपासूनही वाचावे लागले.

माझ्या वर्गातल्या मुलीने जे सांगितले, त्याला पुढे शास्त्राचाही आधार मिळाला. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि डेनिस मॅकार्थी यांनी उन्नत रेल्वेमार्गालगतच्या एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच शाळेत रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुले आणि शांत बाजूची मुले यांच्या वाचनाची तुलना केली, तेव्हा सहावीपर्यंत गोंगाटाच्या बाजूची मुले जवळजवळ एका वर्षाने मागे पडलेली आढळली. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या घातल्या, वर्गांच्या छताला आवाज शोषणारे आच्छादन लावले. १९८१ साली पुन्हा पाहणी केली तेव्हा फरक उरला नव्हता. म्हणजे दोष मुलांच्या डोक्यात नव्हता, भिंतीत होता; आणि भिंत दुरुस्त करता येते. २००१ साली अमेरिकेत रॅन्सडेल आणि गिलरॉय यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून निबंध लिहवून घेतले, तेव्हा मागे संगीत चालू असताना लिहिण्याचा ओघ मंदावला. २०१२ साली स्वीडनमधील संशोधकांना असे आढळले की, कळणारे बोलणे कानांवर पडत असेल तर लेखन अधिक बिघडते. तेच बोलणे न कळण्याजोगे करून ऐकविले तर तितके बिघडत नाही. अर्थ असलेला आवाज लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या शब्दांशी भांडतो.

हे निष्कर्ष आपल्या इतिहासाला लावून पाहा. दलित विद्यार्थ्याच्या कानांवर जे येत होते, त्यात निरर्थक असे थोडेच होते. वतनाची हाक, रस्त्यावरची शिवी, वर्गात जातीवरून पुकारलेले नाव हे सगळे अर्थाने भरलेले आवाज. ते कानांतून जात नाहीत, आत राहतात. म्हणून वसतिगृहाच्या निवांत खोलीतही कित्येकांना लिहिता येत नसे. खोली शांत झाली तरी कान शांत व्हायला वर्षे लागतात.

६

आता आजच्याबद्दल बोलणे भाग आहे, आणि त्यात मला माझा स्वतःचा अपराध सांगावयाचा आहे.

मी वरळीच्या बी. डी. डी. चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर वीस बिऱ्हाडे. १९७४ च्या दंगलीत आम्ही दिवे मालवून दगडांचे आवाज ऐकले आहेत. त्या चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. तिथेच आमचे जयंती मंडळ होते आणि काही वर्षे मी त्याचा चिटणीस होतो. एका वर्षी १३ एप्रिलच्या रात्री आमचे कर्णे दोन वाजेपर्यंत चालू होते. समोरच्या इमारतीतल्या एका मुलीची १५ तारखेला महाविद्यालयाची परीक्षा होती. तिचे वडील खाली आले. ते आमचेच, जुने समता सैनिक दलाचे. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, 'मास्तर, थोडा आवाज कमी कराल का? पोरगी वाचतेय.' मी, निबंधाचा मास्तर, त्यांना म्हणालो, 'बाबासाहेबांच्या जयंतीला तरी असं म्हणू नका.' ते परत गेले. ती मुलगी त्या वर्षी नापास झाली. आवाजामुळेच झाली, असे मी म्हणत नाही. पण रात्री दोन वाजता एका बापाने मुलाला अभ्यासासाठी उठविल्याची कथा मी त्या सकाळी व्यासपीठावरून सांगितली होती. आणि रात्री दोन वाजता मी एका बापाला परत पाठविले. हे मला आजवर विसरता आलेले नाही.

इथे कुणी म्हणेल की, इतरांचे उत्सव दहा-दहा दिवस चालतात, मग आमच्याच एका दिवसावर डोळा का? प्रश्न रास्त आहे. दलितांचे ढोल तेवढे प्रदूषण आणि इतरांचे ढोल संस्कृती, हा दुटप्पीपणा आहेच, आणि पोलीस कोणाच्या कर्ण्याकडे आधी येतात हेही आम्ही जाणतो. शतकानुशतके ज्यांना मोठ्याने बोलू दिले नाही, त्यांनी एक दिवस मोठ्याने बोलावे यामागची भावनाही मला समजते. परंतु आमच्या कर्ण्याचा आवाज प्रस्थापितांच्या बंगल्यापर्यंत पोहोचत नाही. तिथे खिडकीला जाड काच असते. तो पोहोचतो आमच्याच पोरीच्या वहीपर्यंत.

कायदा काय म्हणतो? ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ध्वनिक्षेपकाला बंदी करतात. वर्षातले काही मोजके दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र जाहीर होऊ शकते. शाळेभोवती शांतता क्षेत्र! पण आमचे पोर शाळेत ऐकते आणि घरी लिहिते. त्याच्या घराभोवती कोणते क्षेत्र आहे? २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलमध्ये आला, तेव्हा हा प्रश्न उघडा पडला. ज्या घरात स्वतंत्र खोली होती तिथे शाळा भरली. ज्या घरात एकच खोली आणि एकच फोन होता, तिथे मास्तरांचा आवाज चुलीच्या, दूरदर्शनच्या आणि धाकट्याच्या रडण्याच्या मागे, पुन्हा एकदा ओट्यावरून ऐकल्यासारखा ऐकू आला.

मागणी मोठी नाही. प्रत्येक वस्तीत बुद्धविहार आहे किंवा समाजमंदिर आहे. त्यातली एक खोली अभ्यासिका म्हणून वर्षभर उघडी असावी. तिला दिवा असावा, दार असावे आणि मुलींसाठी रात्री सुरक्षित वाट असावी. घरांच्या पुनर्विकासात सरकारकडून चौरस फूट मागतो, तशी अभ्यासिकाही मागावी. ती मेहेरबानी नव्हे, हक्क होय. आणि १ मार्चपासून परीक्षा संपेपर्यंत आपल्या वस्तीत आपण होऊन कर्णे बंद ठेवावेत; जयंतीच्या रात्रीही दहाच्या ठोक्याला. अनेक महाविद्यालयांत आणि वस्त्यांत जयंतीनिमित्त सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना अभिवादन करण्याची याहून साजेशी रीत मला ठाऊक नाही. तिथे शेकडो मुले एका दालनात बसतात आणि फक्त पाने उलटल्याचा आवाज येतो.

त्या कॅन्टीनमधल्या मुलाला मी उत्तर दिले नव्हते. आज देतो. बाबा रे, ती जागा आयती नसते. तुझ्याआधी कुणीतरी झोप मोडून, वर्गणी काढून, लढून ती मिळविलेली असते. तुझ्या वस्तीत ती अजून नसेल, तर ती करण्याचे काम माझे होते, आणि ते माझ्याकडून अपुरे राहिले. आमच्या विहारातली पुढची खोली गेल्या वर्षीपासून अभ्यासिकेला दिली आहे. रात्री साडेअकरापर्यंत दिवा असतो. किल्ली माझ्याकडे असते.